रेल्वे येईपर्यंतचं घासलेट

भिकाजी तांडेल माणसाला नमस्कार करत नसे, प्रश्न करत असे. होडीत पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला, "मास्तरीणबाय, रेल्वेचा काय झाला?"

मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवते आणि खाडीपलीकडे कांदळवाडीला भावाच्या घरी राहते. लग्न झालं, नवरा गेला, मी मास्तरीण झाले. हे सगळं एका वाक्यात उरकते, कारण गोष्ट माझी नाही, भिकाजीची आहे. सकाळी त्याच्या तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, शहरात जायचं आणि दिवेलागणीच्या शेवटच्या खेपेने घरी यायचं, हा माझा नेम. वर्तमानपत्र वाचणारी त्या होडीत मी एकटीच, तेव्हा रेल्वेचा जाब द्यायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. जणू मीच रूळ कुठेतरी पदराखाली लपवून ठेवले होते.

कोकणात रेल्वे येणार ही बातमी तेव्हा नवी होती. कुणी साहेब दुर्बिणीसारखं यंत्र घेऊन कातळावर फिरून गेला होता, आणि तेवढ्यावर आमच्या गावात लोकांनी स्टेशन कुठे यावं यावरून भांडणंही करून घेतली होती. भिकाजीचं भांडण कुणाशी नव्हतं. त्याला फक्त उत्तर पाहिजे होतं. "येनार तर येनार म्हना, नाय तर नाय म्हना. मानसाला कामा असतात," असं तो वल्हं मारता मारता म्हणायचा.

या प्रश्न विचारण्याच्या खोडीला कारण होतं. भिकाजी गावचा गाऱ्हाणं घालणारा. आमच्याकडे गावाच्या वतीने देवाशी बोलायचं काम ज्याचं त्याने करायचं नसतं. एकजण ग्रामदेव भैरीच्या देवळात उभा राहतो, खड्या आवाजात गावाची एकेक मागणी देवापुढे मांडतो, आणि दर मागणीला जमलेला गाव एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतो. आमच्या भागातलं पोर बोलायला लागलं की हेच आधी शिकतं. एकदा "व्हय म्हाराजा" तोंडातून गेलं की ते बोलणं देवाच्या पदरात पडलं. मग मागे फिरता येत नाही. भिकाजीचा आवाज असा की त्याने देवळात गाऱ्हाणं घातलं तर पलीकडे बंदरावर मासळी विकणाऱ्या बायकासुद्धा हात जोडायच्या.

इतका आवाज देवाने दिला, पण डोळे देताना हात आखडला. भिकाजीला रातांधळेपण होतं. दिवसा खाडीतला खडक न खडक त्याच्या ओळखीचा, पण दिवे लागले की त्याच्यापुढे सगळं पाणी एकच. हे कांदळवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि गावाबाहेर कुणालाच नव्हतं. कारण कळलं असतं तर तरीचं काम गेलं असतं. ते काम म्हणजे त्याचं पोट, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याचा मान. तरीशिवाय भिकाजी म्हणजे नुसता प्रश्न विचारणारा म्हातारा, हे त्यालाही कळत होतं.

संध्याकाळची खेप तो मारायचा ती आमच्या काठावरच्या दिव्याच्या जोरावर. धक्क्यावर एक उंच खांब होता आणि त्यावर मोठ्या काचेचा घासलेटचा दिवा. समोरच्या काठावरून भिकाजीला तो पिवळ्या डागासारखा दिसायचा. त्या डागाच्या रोखाने तो होडी आणायचा, आणि ती बरोबर पायरीला लागायची. नवख्या माणसाला वाटावं, काय तांडेल आहे! आम्ही मान डोलवायचो आणि गप्प बसायचो.

हा दिवा खाडी कमिटीचा. तरीच्या होड्या, धक्के आणि त्यांवरचे दिवे सांभाळायला आमच्याकडे एक कमिटी होती. ती काय करते हे कुणी विचारत नसे, कारण ती काही करत नसे. एका वर्षी घासलेट महाग झालं तेव्हा मात्र कमिटीला काम सुचलं. खर्चाला कात्री लावायची ठरली आणि पहिली कात्री आमच्या दिव्याला लागली. कारण काय दिलं तर रेल्वे! खाडीवर रेल्वेचा पूल होणार, पूल झाला की तर बंद होणार, आणि बंद होणाऱ्या तरीवर घासलेट जाळणं ही उधळपट्टी. दिवा काढून नेला. खांब ठेवला, बहुधा आठवणीसाठी.

"पूल खंय हाय?" भिकाजीने विचारलं.

"होणार आहे," मी म्हटलं.

"मग अंधारसुदा तवाच करायचा होता."



दिवा गेला आणि मथुरा आली. मथुरा म्हणजे भिकाजीची बायको. बुटकी, काटक, आणि एरवी कामापुरतंच बोलणारी. तिने पहिल्या संध्याकाळी कंदील नेऊन पाहिला. वाऱ्याने तो दोनदा विझवला आणि पेटला तेव्हाही भिकाजीला अर्ध्या खाडीतून त्याचा पत्ता लागेना. तेव्हा तिने कंदील खाली ठेवला, आवाज लांब जावा म्हणून धक्क्यापुढच्या गुडघाभर चिखलात उतरली आणि तोंड उघडलं. भिकाजी त्या आवाजावर होडी आणू लागला.

आता रोज रोज नुसतं "ओ" किती वेळ ओरडणार? मथुरेने भांडायला सुरुवात केली. घरात दिवसभर जे बोलायचं राहून गेलं ते ती संध्याकाळी खाडीवरून नवऱ्याला सुनावायची. कोंबडी कुणाच्या परसात गेली, मेव्हण्याने कुळीथ नेले ते परत आणलेच नाहीत, गोठ्याचं छप्पर कधी शाकारणार, सगळं. भिकाजी होडीतून तितक्याच जोरात उत्तरं द्यायचा. आम्हा उतारूंना त्या घरातलं कालवणसुद्धा ठाऊक असायचं. वारा फिरला आणि होडी बाजूला जाऊ लागली की मथुरा जरा जास्त टाकून बोलायची, आणि होडी सरळ व्हायची. संसारात बायकोच्या बोलण्याचा असा उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

आम्ही हसायचो, पण हसण्यासारखं फार दिवस राहिलं नाही. थंडी पडली. रोज गार चिखलात उभं राहून मथुरेला खोकला लागला आणि तिचा घसा बसू लागला. एका संध्याकाळी होडी खाडीच्या मध्यावर आली आणि काठावरून काहीच ऐकू येईना. मथुरा उभी होती, तोंड उघडत होती, पण आवाज फुटत नव्हता. भिकाजी वल्हं थांबवून मान कलती करून ऐकत राहिला. ओहोटीने होडी कधी ओढली ते कळलंच नाही. आम्ही सगळे थेट काठच्या कांदळाच्या झाडीत घुसलो. माझं लुगडं फाटलं, एका बाईची तांदळाची पाटी खाडीने नेली, आणि एक गृहस्थ फांदीला लटकून रामरक्षा म्हणू लागले. कुणाला फार लागलं नाही. पण घरी येऊन मी फाटकं लुगडं बदललं तेव्हा मला कमिटीचा असा राग आला की भावजयीने पुढ्यात ठेवलेला चहा तसाच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी भिकाजीने रेल्वेचंसुद्धा विचारलं नाही. शहराचा काठ आल्यावर एवढंच म्हणाला, "मास्तरीणबाय, देवाकडं गाऱ्हाना घालतंव तसा सरकाराकडं कोन घालतो?"

तेव्हा मला गोपाळकृष्णपंत आठवले. हे रत्नागिरीतले वकील. मुंबईच्या कायदे कौन्सिलात आमच्या बाजूने निवडून गेलेले, आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि रेल्वे आणि दिवा दोन्ही त्यांच्या गळ्यात घातले. भिकाजीच्या डोळ्यांचं मात्र बोलले नाही. पंत हौशी माणूस. त्यांनी कौन्सिलात खरोखरच प्रश्न विचारला, की कोकणच्या रेल्वेचं काय झालं, आणि तिच्या नावावर धक्क्यावरचा दिवा काढणाऱ्या कमिटीवर सरकारची देखरेख आहे की नाही?

उत्तर आमच्या साप्ताहिकात छापून आलं. मी ते होडीत मोठ्याने वाचलं. रेल्वेची बाब विचाराधीन आहे. दिव्याची बाब कमिटीच्या अखत्यारीतली असून कमिटीकडे विचारणा केली असता, रेल्वेचा निर्णय होईपर्यंत दिव्याची बाबही विचाराधीन आहे असं तिने कळवलं आहे. पंतांनी त्यावर पुरवणी प्रश्न विचारला, की विचार कधी संपेल? त्यावरही विचार चालू होता.

भिकाजीने वल्हं आत घेतलं. "देवाला कौल लावला," तो म्हणाला, "तर देव उजवा फूल पाडतो नायतर डावा पाडतो. ह्येंचा फूल खालीच पडत नाय."

पण पुरवणी प्रश्न हा प्रकार त्याला मनापासून आवडला. एकदा उत्तर मिळालं तरी सोडायचं नाही, त्याच उत्तराला धरून पुन्हा विचारायचं, आणि तेही सरकारमान्य! पुढे कितीतरी दिवस त्याने कुणाला सुखाने जगू दिलं नाही. उतारूला विचारायचा, खंय जातास? तो म्हणायचा, कोर्टात. मग, "पुरवनी. वादी की प्रतिवादी?" घरी मथुरेने बांगड्याचं कालवण वाढलं तर, "पुरवनी. बांगडा आजचा की कालचा?" मथुरा बसलेल्या घशाने म्हणाली, "इचाराधीन." हे तिने मला स्वतः सांगितलं आणि सांगताना खोकून खोकून हसली.

तिचा खोकला जात नव्हता. आवाज धड परत आला नव्हता, तरी संध्याकाळी ती चिखलात उतरायचीच. आता ती पळीने पातेलं बडवायची. भिकाजी होडीतून ओरडायचा, "तू घरात जा गो, माजा मी येन!" आणि ती अजून जोरात बडवायची. मला ते ऐकवत नसे.

शेवटी पंतांच्या प्रश्नाचा एवढा उपयोग झाला की कमिटीने स्वतः येऊन पाहणी करायचं ठरवलं. अध्यक्ष आप्पासाहेब, त्यांच्याबरोबर एक ओव्हरसियर, आणि देखरेख करायला म्हणून खुद्द गोपाळकृष्णपंत. आप्पासाहेब मूळचे खाडीकाठच्या केळशी गावचे, पण शहरात राहून कोट, पगडी आणि घड्याळाची साखळी यांनी पुरते मढलेले. हिशेबी माणूस, वाईट नव्हे, पण 'नाही' म्हणण्यात त्यांना एक प्रकारचं आरोग्य मिळत असावं.

सभा घ्यायची कुठे? कांदळवाडीत छपराखाली चार माणसं बसतील अशी जागा एकच, भैरीच्या देवळाचा मांडव. आणि देवाच्या मांडवात गाऱ्हाणं घातल्याशिवाय कसलीही बैठक बसत नाही. हा गावचा रिवाज आहे, भिकाजीने काढलेला नव्हे. मी त्याची बाजू घेते म्हणून सांगत नाही, विचारा कुणालाही.

तिसऱ्या प्रहरी सगळे जमले. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. मथुरा पदर तोंडाशी धरून बसलेली. आप्पासाहेब खुर्चीकडे वळतात तोच भिकाजी देवापुढे उभा राहिला, त्याने हात जोडले आणि आवाज लावला. सगळी सभा होती तिथे उभी राहिली. आप्पासाहेबांनी पगडी सावरून हात जोडले. लहानपण केळशीत गेलेला माणूस आणखी काय करणार?

"बा भैरी म्हाराजा! आज तुज्या मांडवात कमिटीची थोर मंडली गोला झाली हायत. त्येंच्या घरादाराला, पोराबालांना सुकी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या आंब्या-फनसांना मोहोर दे, गुराढोरांना चारा दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आप्पासाहेबांची आंब्याची कलमं होती, तेव्हा यावेळी त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर लहानपण आलेलं. मी खांबाआडून बघत होते. तो माणूस त्या क्षणी रत्नागिरीत नव्हताच, केळशीला पालखीपुढे उभा होता.

"त्येंच्या वाटंतला काटाकुटा दूर कर, आलेल्या पावली सुकरूप घरी पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि आमच्या धक्क्यावरचा जो दिवा कमिटीनं काढून नेलान, तो कमिटी आपल्या घासलेटानं परत पेटवतंय, ही बोली तू आयकून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज आप्पासाहेबांचा.

मग त्यांनी डोळे उघडले. घंटा वाजली, गाव पाया पडून खाली बसला, आणि आप्पासाहेब तेवढे हात जोडून उभे राहिले. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं. ओव्हरसियर त्यांच्याकडे बघत होता, ओव्हरसियरकडे कुणी बघत नव्हतं. गोपाळकृष्णपंत मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आप्पासाहेब, पहिल्यांदाच कमिटीकडून सरळ उत्तर मिळालं. अभिनंदन."

"हे मी सवयीने म्हटलं!" आप्पासाहेब कडाडले.

"देव सवय नाय बगत," भिकाजी नम्रपणे म्हणाला.

त्याचं चुकलं ते इथे. एवढ्यावर गप्प बसला असता तर काम झालं होतं. पण त्याच्या तोंडावर जिंकल्याचं हसू आलं आणि आप्पासाहेबांचं टाळकं सणकलं. ते खुर्चीवर बसले आणि बोट रोखून म्हणाले, "भिकाजी, मी एक विचारतो. याच खाडीत तुझा जन्म गेला. तुला दिवा लागतोच कशाला? तुला दिसत नाही की काय?"

त्यांनी रागाच्या भरात विचारलं, मनात काही नव्हतं. पण गावातला एकही माणूस दुसऱ्याकडे बघेना. बाहेर कुठेही भिकाजी सहज म्हणाला असता, दिसतंय की! पण हा भैरीचा मांडव होता, गाऱ्हाणं त्यानेच घातलं होतं, आणि आप्पासाहेबांना ज्या दोरीने बांधलं ती दोरी आता त्याच्याच हातांभोवती होती.

त्याने देवाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाय दिसत. दिवे लागल्यावर नाय दिसत मला. दिवसा दिसतंय. संध्याकाली दिव्यावर आनायचो होडी. दिवा गेल्यावर हिच्या आवाजावर."

आप्पासाहेबांचा राग कुठल्या कुठे गेला. उलट ते घाबरले. अंधारात न दिसणारा तांडेल माणसं घेऊन खाडी ओलांडतो, हे अध्यक्षाने ऐकल्यावर त्याला न ऐकल्यासारखं करता येत नाही. याचा मला तेव्हा संताप आला होता, पण त्यांचं चूक होतं असं म्हणवत नाही. कांदळात मीच तर होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मग दुसरा तांडेल बघावा लागेल."

भिकाजीने मान हलवली. पुरवणी प्रश्न त्याला सुचला नाही. एवढा उंच माणूस, पण तो मला तेव्हा एकदम म्हातारा दिसला.

"दुसरा कशाला?"

आवाज बायकांच्या बाजूने आला, आणि आवाज तरी काय, नुसती घरघर. मथुरा उभी राहिली होती. "संध्याकालची खेप मी मारीन."

"तू?" आप्पासाहेब आणि भिकाजी एकदमच म्हणाले.

"माजा बापूस केलशीचा तांडेल. वल्हा धरूनच वाडलंय मी. लग्नानंतर कोनी इचारल्यान नाय, मी सांगितला नाय." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "दोगांनी वल्हा कशाला धरायचा, म्हनून गप ऱ्हायलंय."

"केळशीची?" आप्पासाहेब पुढे वाकले. "कोणाची गं तू?"

तिने बापाचं नाव सांगितलं. आप्पासाहेब त्याच्या होडीतून लहानपणी पलीकडे गेले होते, एकदा पडलेही होते, आणि त्यानेच शेंडी धरून वर काढलं होतं. आता झाली का पंचाईत! मथुरा त्यांची माहेरवाशीण निघाली. भर देवळात माहेरवाशिणीला 'नाही' म्हणायचं धाडस कमिटीच्या कुठल्या नियमात बसतं? तरी त्यांनी एक शेवटची धडपड केली. "पण वल्हवणाराला दिसत असेल तर मग दिवा कशाला?"

"ओहोटीला उतारूंना चिखलात उतरायचा असतो," मथुरा म्हणाली. "आनि तुमी व्हय म्हटलात."

ओव्हरसियरने तेव्हा मध्ये तोंड घातलं, की निदान अट तरी घालू या, नाहीतर हिशेब तपासताना अडचण येईल. तेव्हा ठराव झाला तो असा, की कांदळवाडी धक्क्यावरच्या दिव्याला कमिटीने रेल्वे येईपर्यंत घासलेट द्यावं. गोपाळकृष्णपंत खूप हसले. आम्हाला तेव्हा त्यांच्या हसण्याचं कारण कळलं नाही.

सभा संपेपर्यंत सूर्य बुडाला. मंडळींना शहरात परत पोचवायचं होतं. मथुरेने कासोटा घट्ट केला, होडीत चढली आणि वल्हं हातात घेतलं. आप्पासाहेब दोन्ही हातांनी फळी धरून बसले आणि देवाचं नाव घेऊ लागले. मथुरेने वल्ह्याचे चार हात मारले तशी त्यांची फळीवरची पकड सैल झाली. पलीकडच्या धक्क्याला होडी अशी लागली की पाण्याला कळलंही नसेल.

परत येताना होडीत मी आणि दोघी-तिघी होतो, मथुरेच्या सोबतीला गेलेल्या. अंधार पडला होता, दिवा अजून यायचा होता, मथुरेच्या घशात आवाज नव्हता. आणि आमच्या काठावरून एकदम भिकाजीचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा तो काठावर उभा होता आणि होडी पाण्यात होती. काय बोलावं हे त्याला कळेना. मग त्याने सरळ गाऱ्हाणंच घातलं. "बा म्हाराजा, माजी बायको पान्यात हाय, तिला नीट आन रे म्हाराजा!" आम्ही होडीतून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मथुरेचं वल्हं जोरात पडू लागलं.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. कौन्सिलाची असेंब्ली झाली, गोपाळकृष्णपंत थकले, साप्ताहिकात विजेचे दिवे येणार असं छापून येतं. रेल्वे आलेली नाही. ती येत नाही तोवर कमिटीला घासलेट चुकत नाही, हे आता आम्हालाही समजलं आहे. शिमग्यात पालखीपुढे भिकाजी गाऱ्हाणं घालतो, "रेल्वे आन रे म्हाराजा!" गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" मग तो म्हणतो, "पन घाई करू नको रे म्हाराजा!" त्यावर गाव जास्त जोरात म्हणतो.

मथुरेचा खोकला चिखल सुटल्यावर महिन्याभरात गेला. भिकाजीचे डोळे मात्र उतरत गेले. दिवसाच्या खेपा आता त्याचा भाचा गंगाराम मारतो. दिवाही त्याला दिसत नाही, पिवळा डागसुद्धा नाही. पण संध्याकाळी तो खांबाखाली येऊन उभा राहतो आणि शेवटची होडी येईपर्यंत बोलत राहतो. जे एकेकाळी मथुरा बोलायची तेच. कोंबडी कुठे गेली, छप्पर कसं गळतं, आणि कुळीथ अजून आलेले नाहीत. आम्ही उतरलो की देखरेखीचा प्रश्न येतो, "दिवा पेटलाय ना?" आम्ही सगळे उतारू म्हणतो, "व्हय म्हाराजा!" मगच तो घरी जातो.

परवा वारं सुटलं होतं. होडी खाडीच्या मध्यावर असताना दिव्याची काच फुटली आणि दिवा विझला. काठ दिसेनासा झाला. माझ्या मनात कांदळ येऊन गेलं आणि मी फळी घट्ट धरली. भिकाजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो खांबाखाली उभा राहून गोठ्याच्या छपराबद्दल बोलत होता. मथुरेने हात थांबवला नाही की वळवला नाही. होडी बरोबर पायरीला लागली.

"दिवा पेटलाय ना?" त्याने विचारलं.

त्याला खोटं सांगायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. आम्ही गप्प बसलो तेवढ्यावरून त्याला कळलं, आणि तो गडबडला. "विझलाय? कदी विझला? अगो, मग तू आलीस कशी?"

मथुरा होडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "दिव्याकडं मी कदी बगितलाय? तुमी बोलत होतात ना."

भिकाजीने खांबाला हात लावून पाहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते अंधार होता म्हणून बरं. मग त्याने घसा खाकरला आणि माझ्या दिशेने वळला.

"मास्तरीणबाय," तो म्हणाला, "रेल्वेचा काय झाला?"

"विचाराधीन आहे," मी म्हटलं.

"बरा झाला," भिकाजी म्हणाला, आणि मथुरेच्या खांद्यावर हात ठेवून घराकडे चालू लागला.